एका बिंदूची तीनशे वर्षांची वाटचाल

विद्यार्थी मित्रांनो, मध्यगासंपात, लंबसंपात, अंतर्मध्य आणि परिमध्य हे त्रिकोणातील बिंदू तुमच्या परिचयाचे आहेत. याच कुळातील आणखी एका बिंदूची ओळख आज करून घेऊ. ‘भूमितीचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या पालकांनीही ही हकीकत अवश्य वाचावी.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयात पिएर द फर्मा नावाचे अधिकारी होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. त्यांनी गणितज्ञांना आव्हान दिले: तीन बिंदू दिले असता असा चौथा बिंदू शोधा, की त्यापासून तिघांपर्यंतच्या अंतरांची बेरीज कमीत कमी भरेल. वायुभारमापकामुळे प्रसिद्ध असलेले इटलीतील तोरिचेल्ली यांनी उत्तर काढले. त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूवर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण काढावा. त्या तिघांची परिवर्तुळे जेथे एकत्र छेदतात, तोच हा बिंदू. तेथून शिरोबिंदूंकडे जाणाऱ्या रेषा परस्परांशी १२० अंशांचे कोन करतात. मात्र त्रिकोणाचा एखादा कोन १२० अंश किंवा अधिक असेल, तर तो शिरोबिंदूच उत्तर होय. तोरिचेल्ली १६४७ मध्ये वारले. त्यांचे उत्तर शिष्य विव्हियानी यांनी १६५९ मध्ये प्रसिद्ध केले.

आता हिशेब पाहा. तीन गावे एकमेकांपासून १०० कि.मी. अंतरावर आहेत. दोन बाजूंनी रस्ता केला तर २०० कि.मी. होतो, या बिंदूतून नेला तर सुमारे १७३ कि.मी. पुरतो!

१८३६ मध्ये थोर जर्मन गणितज्ञ गाउस यांनी मित्र शूमाखर यांना लिहिलेल्या पत्रात हार्बुर्ग, ब्रेमेन, हॅनोव्हर आणि ब्राउनश्वाइग ही चार शहरे जोडणाऱ्या सर्वांत लहान लोहमार्गाचा विचार मांडला. १०० कि.मी. बाजूच्या चौरसावर चार गावे असतील तर तीन बाजूंना ३०० आणि दोन कर्णांना सुमारे २८३ कि.मी. लागतात, पण आत दोन नवे फाटे योग्य जागी घेतले तर सुमारे २७३ कि.मी. पुरतात.

येथून आपण आलेख सिद्धान्ताच्या प्रांतात येतो. ज्या जाळ्यात कोठेही बंद फेरा नाही, त्याला तेथे ‘वृक्ष’ म्हणतात. नवे फाटे न घेता सर्वांत लहान वृक्ष काढण्याची सोपी रीत बोरूव्का यांनी १९२६ मध्ये मोराव्हियातील वीजवाहिन्यांच्या निमित्ताने दिली. नवे फाटे घेण्याची मुभा दिली, की मात्र प्रश्न बिकट होतो. १९७७ मध्ये गॅरी, ग्रॅहम आणि जॉन्सन यांनी तो अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो हे सिद्ध केले. गावे कितीही असोत, अचूक उत्तर झटपट देणारी रीत संगणकाच्या युगातही सापडलेली नाही.

मित्रांनो, एका फळीला तीन भोके पाडा. तीन दोऱ्यांची टोके वर एकत्र गाठून प्रत्येक दोरी एकेका भोकातून खाली सोडा आणि तिन्हींना सारखी वजने बांधा. गाठ सरकत जाऊन फर्माच्या बिंदूवर थांबेल.

पालकांनो, मुलाने असा प्रश्न विचारला तर ‘हा परीक्षेत किती गुणांना?’ असे म्हणून त्याला गप्प करू नका. फर्मांच्या प्रश्नालाही कोणी गुण ठेवले नव्हते. तरी आज रस्ते, तारा आणि नळ टाकणाऱ्यांना तोच प्रश्न सोडवावा लागतो.