इन्फ्लुएंझाची प्रखरता : बीज आणि भूमि

इन्फ्लुएंझाचा एक विषाणु चार दिवसांचा ताप देऊन निघून जातो आणि दुसरा घरेंच्या घरें ओस पाडतो, असें कां व्हावें ? याचें उत्तर केवळ विषाणूच्या अंगीं शोधण्याची आपल्याला संवय आहे. महाराष्ट्राचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

प्रथम विषाणूचा विचार करूं. प्रखरतेचें मर्म समजण्यास चाकणचा दाखला उपयोगी पडेल. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें तेथील संग्रामदुर्ग सुमारें दोन महिने लढविला. शाइस्तेखानाच्या अफाट सैन्यास दाद न देणारा तो किल्ला सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच पडला. विषाणूचेंहि असेंच आहे. त्याच्या पृष्ठभागावरील हीमॅग्लुटिनिन नांवाचें प्रथिन तुटल्यावांचून त्याला पेशींत शिरतां येत नाहीं. माणसांतील नेहमींच्या जातींत तें तोडणारें द्रव्य मुख्यत्वें श्वासमार्गांतच भेटतें. पक्ष्यांच्या प्रखर एच५एन१ जातींत मात्र तें बहुतेक सर्व अवयवांत तुटूं शकतें. २००६ सालीं नवापूरच्या कोंबड्यांवर ओढवलेला अनर्थ याच जातीचा होता. तरी माणसांत ती साथ पसरली नाहीं. कारण तिची जवळीक पक्ष्यांच्या पेशींशीं अधिक. प्रखरता आणि प्रसार या दोन भिन्न शक्ति होत.

१९१८ सालीं त्या दोन्ही एकत्र आल्या. जूनमध्यें मुंबईंत आलेली पहिली लाट सौम्य होती; सप्टेंबर-ऑक्टोबरांतील दुसरी भयंकर ठरली. मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें दगावलीं, आणि त्यांत ऐन उमेदीच्या वयाचीं पुष्कळ होतीं. तोच विषाणु संशोधकांनीं २००५ सालीं पुनः घडविला, तेव्हां प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें कीं, तो फुप्फुसांत झपाट्यानें वाढतो, आणि त्याच्याशीं झुंजतांना शरीराची संरक्षक शक्तिच खवळून फुप्फुसांचा नाश करते. पुढें जंतूंचा न्यूमोनिया होऊन बहुतेकांचा अंत होई.

परंतु विषाणु एकच असतां मृत्यु मात्र सर्वांस सारखा आला नाहीं. त्या वर्षीं मुंबई शहरांत युरोपियनांपैकीं हजारीं सुमारें ८ मेले. अस्पृश्य मानलेल्या जातींपैकीं हजारीं सुमारें ६१! पाऊस फसल्यानें धान्य महागलेलें, चाळींत दाटी, शुश्रूषेस कोणी नाहीं : हा फरक बीजाचा नव्हे, भूमीचा होय. २००९ सालीं पुण्यांत आलेल्या साथींतहि बहुतेक रोगी बरे झाले. गर्भवती व जुन्या विकारांनीं ग्रासलेले लोक यांना धोका अधिक होता. उलट पूर्वीं तत्सम विषाणूंशीं परिचय झालेल्या वृद्धांस तिची लागण कमी झाली.

त्याच चाकणच्या आसमंतांत आज कारखाने उभे आहेत, आणि परप्रांतांतून आलेले कित्येक कामगार एकेका खोलींत दाटीनें राहतात. पुढचा विषाणु कोणता सुरुंग घेऊन येईल, हें आमच्या हातीं नाहीं. हवेशीर खोली, वेळेवर लस आणि तापांत मजुरी न कापतां रजा, एवढें मात्र आमच्या हातीं आहे. तेंही न केल्यास पुढील मृत्यूंचा सर्व दोष विषाणूवर ढकलण्याचा आम्हांस अधिकार उरणार नाहीं.