यंत्रनियंत्रणाची विद्या आणि दूरचा विद्यार्थी

परभणीहून परळीस जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें लहानसें स्टेशन लागतें. गांवचें दैवत नृसिंह. तेव्हां रेल्वेनेंही स्टेशनाच्या नांवांत नृसिंहास जागा दिली आहे. नृसिंहाची कथा मराठी घरांत लहानपणींच कानीं पडते, ती येथें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यानें ती एकदां निराळ्या दृष्टीनें आठवावी असें आम्हांस वाटतें. हिरण्यकशिपूनें वर मागतांना अटींची केवढी यादी केली होती! माणसाकडून नको, पशूकडून नको; दिवसा नको, रात्रीं नको; घरांत नको, घराबाहेर नको. यादींत उणें असें कांहीं दिसत नव्हतें, आणि तरीही मृत्यू आला तो तिन्हीसांजेस, उंबरठ्यावर. कारखान्यावर देखरेख करणाऱ्या संगणकासही अशीच अटींची यादी लिहून द्यावी लागते. तापमान अमुक झालें तर ही झडप मिटावी, दाब तमुक झाला तर ती उघडावी. ही यादी लिहिण्याची विद्या कोठून आली, आणि आमच्याकडील मुलांस ती कितपत हाताशीं आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विद्येचें मूळ पाहण्यासाठीं परदेशीं जावयास नको. एखाद्या गुऱ्हाळावर जावें. काहिलींत उसाचा रस उकळत असतो, चुलाणाच्या तोंडाशीं एक गडी चिपाडें सारीत असतो, आणि काहिलीशेजारीं गुळव्या उभा असतो. गुळव्याजवळ तापमापक नसतो. फेसाचा रंग व बुडबुड्यांचा आकार यांवर त्याची नजर असते. मधून मधून तो पाकाचा थेंब थंड पाण्यांत सोडून त्याची गोळी बोटांनीं वळून पाहतो, आणि त्याप्रमाणें जाळ वाढविण्यास किंवा कमी करण्यास सांगतो. पाहावें, हव्या त्या स्थितीशीं ताडावें, फरक असेल त्या मानानें जाळ कमीअधिक करावा, आणि पुन्हां पाहावें, एवढाच हा फेरा. शास्त्रकारांनीं त्यास प्रत्याभरण असें भारदस्त नांव दिलें आहे.

परंतु गुळव्याची खरी कला या फेऱ्यांत नाहीं. जाळ ओढला म्हणून पाक लागलीच थांबत नाहीं. चुलाणाच्या भिंती तापलेल्या असतात, काहिलीचा पत्रा तापलेला असतो, आणि पाक आणखी कांहीं वेळ चढतच राहतो. नवखा माणूस पाक हवा तसा झालेला दिसेपर्यंत वाट पाहतो आणि मग जाळ कमी करतो. त्याचा गूळ काळा पडतो. जाणता गुळव्या पाक होण्यापूर्वींच हात उचलतो. कृति आणि तिचा परिणाम यांमध्यें पडणारा हा विलंब हीच नियंत्रणशास्त्राची सारी अडचण आहे; बाकीचें गणित या एका अडचणीभोंवतीं वाढलें आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पाश्चात्त्य देशांतही हें शास्त्र हातांच्या व डोळ्यांच्या मागोमागच चाललें. जेम्स वॉट यानें १७८८ सालीं वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा गतिनियामक बसविला. तशा नियामकांचा वेग कधीं कधीं स्थिर न राहतां वरखालीं हेलकावे कां घेतो, याची गणिती मीमांसा होण्यास १८६८ साल उजाडावें लागलें, आणि ती केली मॅक्सवेलनें. पुढें १९२२ सालीं मिनॉर्स्की नांवाच्या रशियन-अमेरिकन यंत्रज्ञानें जहाजाच्या सुकाणूवाल्यांकडे बारकाईनें पाहिलें. त्याच्या ध्यानांत असें आलें कीं, मुरलेला सुकाणूवाला केवळ आतांची चूक पाहत नाहीं. ती किती वेळ सांचत आली आहे आणि किती वेगानें वाढते आहे, याचाही तो मनांत हिशेब करतो. चालू चूक, सांचलेली चूक आणि चुकीचा वेग या तीन संज्ञांचें जें सूत्र त्यानें मांडलें, तेंच आजही जगांतील बहुतेक कारखान्यांत राबत आहे. थोडक्यांत, ज्यास आपण स्वयंचलित म्हणतों तें एका खलाशाच्या मनाचें गणित आहे. आमचा गुळव्या गोदाकांठीं न भेटतां मिनॉर्स्कीस भेटला असता, तरी सूत्र तेंच निघालें असतें!

या फेऱ्यांत संगणक शिरला तो १९५९ सालीं. टेक्सास प्रांतांतील पोर्ट आर्थर येथें टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांत तो प्रथम कामास लागला. पण तेथें त्याचें काम वडीलधाऱ्याचें होतें. प्रत्यक्ष झडपा जुन्याच नियंत्रकांच्या हातीं होत्या, आणि संगणक त्यांस फक्त किती ठेवावें तें सांगे. झडपाही त्याच्या हातीं गेल्या त्या १९६२ सालीं, इंग्लंडांत फ्लीटवुड येथील सोड्याच्या कारखान्यांत. १९७१ सालीं एका चकतीवर मावणारा सूक्ष्मप्रक्रियक निघाला आणि त्यानंतर किंमत इतकी उतरली कीं, कारखान्यांत जागोजाग लहान लहान संगणक बसूं लागले. आपल्याकडे याचा उगम तुर्भ्यास झाला. १९५६ च्या ऑगस्टमध्यें 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, तिच्या नियंत्रणाचीं इलेक्ट्रॉनिक उपकरणें येथल्याच मंडळींनीं बनविलीं. त्या कामांतूनच १९६७ सालीं हैदराबादेस ई.सी.आय.एल. हा सरकारी कारखाना निघाला, आणि १९६९ सालीं तेथून टी.डी.सी. १२ हा संगणक बाहेर पडला.

आतां शिक्षणाकडे वळूं. पुण्यास यंत्रशिक्षणाचा वर्ग १८५४ सालीं निघाला, मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ सालीं. मराठवाड्यास मात्र औरंगाबादच्या सरकारी महाविद्यालयाची १९६० सालापर्यंत वाट पाहावी लागली, आणि गुरु गोविंदसिंगांच्या नांवानें नांदेडास महाविद्यालय निघालें तें १९८१ सालीं. म्हणजे पुण्याचा विद्यार्थी ज्या ज्ञानाच्या दारीं उभा होता, तेथवर पोखर्णीच्या परिसरांतील विद्यार्थ्यास पोंचावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. निजामाचें राज्य हें त्याचें एक कारण खरें; तें १९४८ सालीं संपलें, पण विद्यालयें घोषणेनें उभीं राहत नाहींत.

आणि विद्यालय निघालें तरी विलंबाची ती अडचण फळ्यावर कशी शिकवावी? फळ्यावर ती एका अक्षरानें दाखवितां येते. विद्यार्थी तें अक्षर समीकरणांत घालतो, उत्तर काढतो व उत्तीर्ण होतो. परळीचेंच उदाहरण घ्या. तेथील औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालीं सुरू झालें, आणि पुढें तेथें २१० मेगावॉटचे तीन संच बसले. अशा केंद्राच्या बॉयलरांत एक गंमत आहे. विजेची मागणी एकाएकीं वाढून वाफ अधिक ओढली गेली म्हणजे ड्रममधील दाब उतरतो, पाण्यांतील बुडबुडे फुगतात, आणि पाण्याची पातळी वर चढलेली दिसते. वस्तुतः पाणी कमी होत असतें! केवळ पातळी पाहून जो पाण्याची झडप मिटवील, तो बॉयलर कोरडा पाडील. म्हणून शहाणी यंत्रणा पातळीबरोबर बाहेर जाणारी वाफ आणि आंत येणारें पाणी यांचाही हिशेब ठेवते. हें वाचून कळतें खरें, परंतु हाताच्या बोटांत मुरत नाहीं. आणि चालत्या बॉयलरवर प्रयोग करावयास विद्यार्थ्यास कोण देईल? संगणकावर काल्पनिक बॉयलर उभा करून शिकविण्याची पद्धत आहे, ती उपयोगी आहे. पण काल्पनिक बॉयलर रचणाऱ्यास जें ठाऊक आहे तेवढेंच तो दाखवितो. हिरण्यकशिपूची यादी पुनः आठवावी. १९१३ सालीं नव्हे, २०१३ सालीं, म्हणजे अगदीं परवां, दुष्काळानें गोदावरीवरील खडका बंधारा आटला आणि परळीचें केंद्र बंद ठेवावें लागलें. पातळीचें सूत्र कितीही शहाणें असलें, तरी पाणीच नसेल ही अट त्यांत कोणी घातलेली नसते.

या पेंचांतून एक लहानसा, पण आम्हांस फार मोलाचा वाटणारा मार्ग पवईच्या आय.आय.टी.नें काढला. तेथील रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनीं अंकीय नियंत्रणावर २००७ सालीं ग्रंथ लिहिला. आणि त्यांच्या प्रेरणेनें तेथें एक तापनयंत्र बनविण्यांत आलें. एका लहान पाटीवर तारेचें वेटोळें, त्याच्याजवळ लोखंडी पट्टी, पट्टीस थंड करणारा पंखा, तापमान सांगणारें टिपणयंत्र आणि एक सूक्ष्मनियंत्रक, एवढाच त्याचा संसार. तार किती तापवावी व पंखा किती फिरवावा, हें संगणकावरून सांगावयाचें आणि पट्टी किती तापली तें वाचावयाचें. तार तापल्यावर पट्टीस ऊब पोंचण्यास वेळ लागतो. म्हणजे हें गुऱ्हाळच, फक्त टेबलावर मांडलेलें. अशीं यंत्रें पवईस ओळीनें मांडून तीं इंटरनेटला जोडण्यांत आलीं. आणि दूरगांवच्या विद्यार्थ्यास आपली वेळ ठरवून, आपल्या घरच्या संगणकावरून, पवईची खरीखुरी पट्टी तापविण्याची सोय झाली. त्यासाठीं लागणारी सायलॅब ही आज्ञावली विनामूल्य आहे, आणि ती शिकविणारे 'स्पोकन ट्युटोरियल'चे पाठ मराठींतही झाले आहेत.

येथें मुद्दा सोयीपेक्षां खोल आहे. काल्पनिक यंत्र आज्ञेनें वागतें. खरी पट्टी वागत नाहीं. वाऱ्याची झुळूक आली तर तिचें तापमान हलतें, सकाळीं काढलेलें सूत्र दुपारीं नेमकें जुळत नाहीं, आणि तारेच्या विलंबावर आणखी एक विलंब येऊन बसतो, तो संदेशाच्या प्रवासाचा. पोखर्णीच्या आसपास इंटरनेटची गति मंदावली तर आज्ञा उशिरां पोंचेल, तोंवर पट्टी पुढें निघून गेलेली असेल. ज्या विद्यार्थ्याची पट्टी अशी एकदां हाताबाहेर गेली, त्यास विलंबाचें अक्षर पुन्हां समजावून सांगावें लागत नाहीं.

तरी एक गोष्ट मनांतून जात नाहीं. पवईची पट्टी दोनशें कोसांवरून तापविणाऱ्या मुलाच्या तालुक्याजवळपास कोठें तरी हिवाळ्यांत गुऱ्हाळ पेटलेलें असतेंच. त्यानें एक संध्याकाळ तेथें जाऊन काहिलींत तापमापक सोडावा, दर मिनिटास आंकडा टिपावा, आणि गुळव्यानें जाळ ओढण्यास सांगितलें तें मिनिट बाजूस लिहून ठेवावें. गूळ उतरतो तो सुमारें ११८ अंशांवर. गुळव्याचा हात त्याच्या किती अगोदर उठला, तें त्या कागदावर दिसेल. मग तो कागद घेऊन घरीं यावें, आणि मिनॉर्स्कीच्या तिन्ही संज्ञांस किती किंमत दिली असतां यंत्राचा हातही त्याच मिनिटास उठेल, हें बसून काढावें.