सूक्ष्मप्लास्टिक व नॅनोप्लास्टिक : शोध व विश्लेषण
पाणी, गाळ, माती वा हवेतील ५ मिमी.पेक्षा लहान प्लास्टिककण ओळखण्याच्या व मोजण्याच्या पद्धती. १ मायक्रोमीटरहून लहान कण म्हणजे नॅनोप्लास्टिक. सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधील शोधनिबंधाने हा विषय पुढे आला. नमुन्यातील जैव पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करतात. मग प्लास्टिक वेगळे करण्यासाठी वापरलेल्या मिठाच्या संपृक्त द्रावणात पॉलिएथिलीन तरंगते, पण पीव्हीसी बुडते; त्यासाठी झिंक क्लोराइडचे अधिक घनतेचे द्रावण लागते. अवरक्त वर्णपटदर्शनाने सुमारे १० मायक्रोमीटरपर्यंतचे, तर रामन पद्धतीने सुमारे १ मायक्रोमीटरपर्यंतचे कण ओळखता येतात. नॅनोकणांसाठी नमुना उष्णतेने विघटित करून तपासतात. त्यातून वस्तुमान कळते, कणसंख्या नाही. संशोधकाच्या कपड्यांचे धागेही नमुन्यात पडतात, म्हणून कोरा नमुना (मूळ पदार्थाशिवाय त्याच प्रक्रियेतून नेलेला) न तपासता दिलेले आकडे विश्वासार्ह मानता येत नाहीत.