ग्रीन कार्डला एवढी वर्षं का लागतात?

मी दरेकसा गावातून बोलतोय. सालेकसा तालुका, गोंदिया जिल्हा, मुंबई-हावडा लाइनवरचं छोटं स्टेशन. पुढे लगेच छत्तीसगड. आजचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या कंपनीने आपल्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला, तर कायम राहायची परवानगी किती वर्षांत मिळते?

ऑक्टोबर २०२४ चा आकडा बघा. उच्चशिक्षितांच्या गटात भारतीयांचा नंबर आला होता जुलै २०१२ पर्यंत. म्हणजे बारा वर्षं वाट बघितलेल्यांचा. त्याच गटात बहुतेक देशांची तारीख होती २०२३ ची. डिग्री तीच, काम तेच. मग एवढा फरक का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेले, शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले. तेव्हा देशवार कोटा नव्हता. १९१७ च्या कायद्याने भारतासकट आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद केलं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं. किती? वर्षाला फक्त १०० भारतीय!

१९६५ मध्ये वंशावर आधारलेला कोटा गेला. सगळे देश समान, ही कल्पना चांगलीच होती. पण समान म्हणजे प्रत्येक देशाला सारखीच मर्यादा. १९९० च्या कायद्याने नोकरीवाल्यांसाठी वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं ठेवली आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे साधारण ९,८००. यात नवरा-बायको, मुलंही मोजली जातात. इतरांची उरली तर थोडी जास्त मिळतात. भारत असो की आइसलँड, मर्यादा एकच.

रेल्वेचा कोटा आठवा. गाडी एकच, पण कुठल्या स्टेशनवरून चढता त्यावर वेटिंग ठरतं. इथे स्टेशन म्हणजे जन्माचा देश. दरेकसा गावात जन्मलेल्याने पुढे कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, तरी रांग भारताचीच. बायको दुबईत जन्मलेली असेल, तर मात्र तिच्या रांगेतून दोघांचा नंबर लागू शकतो.

एच-वन-बी व्हिसाची मुदत सहा वर्षं. रांग त्याहून लांब, म्हणून २००० मध्ये कायदा बदलून मुदतवाढीची सोय केली. तेव्हापासून लोक तिथे राहतात, टॅक्स भरतात, पण नोकरी गेली की पायाखालची जमीन सरकते.

जुलै २००७ साठी सरकारने आधी सांगितलं, सगळ्यांनी शेवटचा अर्ज भरा. २ जुलैला ते मागे घेतलं. लोकांनी काय केलं? 'लगे रहो मुन्नाभाई' स्टाइल गांधीगिरी! इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकडो फुलांचे गुच्छ पाठवले. ती फुलं जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला गेली, आणि १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला. पण ७ टक्के तसेच राहिले. २०१९ मध्ये ते काढायचं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. २०२० मध्ये सिनेटने स्वतःचा वेगळा मसुदा पास केला. दोघांचा मेळ बसला नाही, विषय तिथेच संपला.

सगळ्यात जास्त किंमत मोजतात मुलं. दोन वर्षांची असताना गेलेली पोरगी तिथेच शाळा शिकते, २१ ची होते आणि आईबाबांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने थोडी सूट दिली, पण ती कंपनीचा अर्ज तपासायला लागलेल्या वेळेपुरती. रांगेतल्या वर्षांची नाही. मग तिने स्वतःचा व्हिसा शोधायचा, नाहीतर जेमतेम आठवणाऱ्या देशात परत यायचं.

म्हणून मित्रांनो, ऑफर लेटर आलं की पगाराच्या आधी एक विचारा: "ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार?" कारण या गटात तुमचा नंबर धरतात तो बहुतेक वेळा कंपनीने कामगार खात्यात अर्ज केला त्या तारखेपासून, जॉइन झालात त्या दिवसापासून नाही. तिथे गेलेला दोन वर्षांचा उशीर पुढे मुलांच्या वयातून वजा होतो.

आज एवढंच. भेटू पुढच्या भागात!