संगणकाच्या घरचा पाहुणा

कागल तालुक्यांतील बिद्रीचें नांव निघालें कीं कोल्हापूरकडील माणसाला प्रथम आठवतो तो तेथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. कारखाना एक आणि सभासद पुष्कळ. गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे ज्याला त्याला आपल्या तोडणीची पाळी लवकर हवी असते. कोणाचा ऊंस कोणत्या दिवशीं गाळपास यावा हें ठरविणारी एखादी व्यवस्था नसेल, तर फाटकापाशीं गाड्यांची रांगच तेवढी वाढेल. यंत्र महाग आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक, ही अडचण एकट्या उंसाची नव्हे. संगणकाच्या इतिहासांतील एक मोठी युक्ति याच अडचणींतून जन्मास आली.

१९६४ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी या कामास लागले. त्या काळीं एकेक संगणक खोलीभर जागा व्यापी, आणि त्याचा एक क्षणही वायां जाणें परवडत नसे. त्यांनीं रचिलेली सीपी-४० नांवाची आज्ञावली १९६७ च्या आरंभीं नित्य वापरांत आली. तिच्या योगें एकाच यंत्रांत चौदा आभासी यंत्रें एकदम नांदूं शकत. कारखान्याचा दृष्टांत येथें मात्र अपुरा पडतो. आपली पाळी अजून यावयाची आहे हें शेतकऱ्याला पक्कें ठाऊक असतें. उलट या चौदा जणांच्या पाळ्या इतक्या त्वरेनें फिरत कीं प्रत्येकाला सबंध यंत्र आपल्या एकट्याचेंच वाटे. पुढें १९७२ सालीं आयबीएमनें हीच कल्पना व्हीएम/३७० या नांवानें बाजारांत आणिली.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. स्मृति, तबकडी, पडदा, सारें त्याच्या हुकुमांत. एका घरांत दोन कारभारी नांदवावयाचे तर दुसऱ्यानें पाहुणा व्हावें लागतें. पण गंमत अशी कीं, आपण पाहुणे आहोंत हें त्याला कळूं द्यावयाचें नसतें. तो मालकाच्या थाटांत हुकूम सोडतो, आणि वर बसलेली देखरेखीची आज्ञावली तो हुकूम मध्येंच अडवून आपल्या सोयीनें पुरा करते. हें केव्हां साधेल याचे नियम पोपेक व गोल्डबर्ग यांनीं १९७४ सालीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडिले. घरोघर शिरलेला इंटेल घराण्याचा संगणक मात्र त्या नियमांत बसत नव्हता. पेंटियमच्या आज्ञांची छाननी केली तेव्हां सतरा आज्ञा अशा आढळल्या कीं, त्या अडविण्याची सोयच नव्हती.

ही कोंडी व्हीएमवेअर या कंपनीनें फोडिली. १९९८ सालीं ती निघाली आणि मे १९९९ मध्यें तिचें वर्कस्टेशन हें सॉफ्टवेअर बाहेर पडलें. पाहुण्याच्या ज्या आज्ञा धोक्याच्या, त्या चालण्यापूर्वींच बदलून त्यांच्या जागीं निर्धोक आज्ञा घालावयाच्या, अशी ही तोड होती. कनेक्टिक्स कंपनीचें व्हर्च्युअल पीसी त्याच्याही आधीं, १९९७ सालीं, मॅकिन्टॉशवर आलें होतें. तेथें यंत्राची जातच निराळी असल्यामुळें इंटेलचें सोंग आणावें लागे, आणि सोंगाचा वेग तो किती असणार! २००३ सालीं तें मायक्रोसॉफ्टच्या हातीं गेलें. त्याच वर्षीं फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनीं क्यूईएमयू हें मुक्त सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलें. २००५ च्या अखेरीस इंटेलनें व २००६ सालीं एएमडीनें चिपांतच पाहुण्याची सोय करून दिली. मग काम सोपें झालें. २००७ मध्यें जर्मनीच्या इनोटेक कंपनीचें व्हर्च्युअलबॉक्स मुक्त झालें, आणि लिनक्सच्या गाभ्यांत केव्हीएम दाखल झालें.

आतां यांतील बरें कोणतें? अशा वेळीं लोक वेग मोजतात, पडद्याचें चित्र किती गुळगुळीत सरकतें तें पाहतात. त्या कसोटीला वर्कस्टेशन फार काळ सरस ठरलें, यांत शंका नाहीं. पण मराठी माणसाला निराळी कसोटी लावावी लागते, आणि तिचें कारण मराठी छपाईच्या अलीकडील इतिहासांत आहे.

१९९० नंतरच्या सुमारें दोन दशकांत मराठी मजकूर संगणकावर जुळविला गेला तो मोठ्या प्रमाणावर पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपींत, सी-डॅकच्या आयएसएममध्यें किंवा आकृतींत. यांच्या टंकांची आंतील सांकेतिक लिपि एकमेकांशीं जुळत नसे. पडद्यावर ‘क’ दिसे, परंतु फाइलींत भलत्याच इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक सांठविलेला असे. तो टंक नसेल तर पुस्तकाचें पुस्तक इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन पुढें येतें. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासूनच होती. छापखान्यांत ती रुळावयास फार उशीर लागला. दरम्यान पानें मांडण्याच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली. म्हणून जुनी फाइल जशीच्या तशी पाहावयाची, तर जुन्या कारभाऱ्यालाच पाहुणा म्हणून बोलवावें लागतें. त्याचा बाहेरच्या जाळ्याशीं संबंध तोडून ठेवावा, हेंही ओघानेंच आलें.

येथें यजमान किती दिवस घर उघडें ठेवील हा प्रश्न वेगाहून मोठा ठरतो. मायक्रोसॉफ्टनें २००९ सालीं विंडोज ७ बरोबर व्हर्च्युअल पीसीच्या आधारें एक्सपी चालविण्याची सोय दिली. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें ती नाहींशी झाली. व्हर्च्युअलबॉक्स २००८ सालीं सनकडे व २०१० सालीं ओरॅकलकडे गेलें, पण त्याचा गाभा मुक्त असल्यामुळें तें टिकलें. व्हीएमवेअर ईएमसी व डेल यांच्या हातांतून जाऊन, मधें कांहीं काळ स्वतंत्र राहून, २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रॉडकॉमकडे आलें. पुढल्या वर्षीं वर्कस्टेशन सर्वांस फुकट झालें. फुकट मिळालें याचा आनंद मानावा, पण फुकट देणाराचें मन उद्यां बदलणार नाहीं असें कोणीं सांगावें? वेगांत मागें असलें तरी अशा कामीं क्यूईएमयूच अधिक भरवंशाचें. इतरांच्या आभासी तबकड्या तें आपल्या रूपांत आणूं शकतें, आणि ज्या नव्या मॅकवर इंटेलची चिपच नाहीं तेथेंही, संथपणें कां होईना, जुना पाहुणा उभा करतें.

तरीही एक विघ्न उरतें. मराठी टंकांचीं हीं पॅकेजें विकतांना त्यांतील कांहींबरोबर एक लहानसें कुलूप येई, आणि तें संगणकाला जोडल्यावांचून पॅकेज चालत नसे. यूएसबीचें कुलूप पाहुण्याच्या स्वाधीन करतां येतें. त्याहून जुनें कुलूप संगणकाच्या पाठीमागें, प्रिंटर जोडावयाच्या रुंद खोबणींत बसे. पाहुणा जागा होतो, पॅकेज उघडूं लागतें आणि कुलूप मागतें. कुलूप कपाटांत जपून ठेवलेलें असतें, पण नव्या संगणकाला ती खोबणच नसते.