चौतीस मिलिमीटरचं भोक

‘प्स्स्श्श!’

हा आवाज ओळखलात? ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड’ खेळत ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी लगेच ओळखला असणार. गिअर बदलला की बॉनेटखालून येणारा तो सुस्कारा, कुकरची शिट्टी चमच्यानं जराशी उचलल्यासारखा. हा आवाज करतो डम्प व्हॉल्व्ह. टर्बो गाडीला काहीतरी ‘करायचं’ म्हटलं की पोरांच्या यादीत दोन गोष्टी सगळ्यात आधी येतात: आवाज करणारा डम्प व्हॉल्व्ह आणि मोठा एअर इंटेक.

आजची गोष्ट दुसऱ्या वस्तूची आहे. रॅलीच्या इतिहासात एअर इंटेकवर झालेलं सगळ्यात हुशार काम, तेही असं की कुणाला दिसू नये, ऐकू येऊ नये. १९९५ साल, टोयोटा सेलिका जीटी-फोर. पण त्याआधी त्या आवाजाचं बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

टर्बो ही कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात भरपूर ऊर्जा असते, ती नुसतीच वाया जाते. मग त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवायचा आणि त्यानं इंजिनात हवा दाबून भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. बास, इतकंच. आधी जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांना टर्बो लागला. विक्रीच्या कारमध्ये तो अमेरिकेत १९६२ साली आला आणि युरोपात सत्तरच्या दशकात पोर्शे, साब वगैरेंनी गाजवला.

आता समजा तुम्ही फुल्ल ॲक्सिलरेटर दाबलाय. टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतोय, पाइपात दाबलेली हवा ठासून भरलीये, आणि तुम्ही गिअर बदलायला पाय उचलला. थ्रॉटलचं झाकण बंद. हवेला पुढे जायला जागा नाही, पण मागून पंखा ढकलतोच आहे. मग ती हवा उलटी फिरून पंख्याच्याच अंगावर येते. याला कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात. यानं टर्बोचा वेग पडतो आणि बेअरिंगवर धक्के बसतात. डम्प व्हॉल्व्ह म्हणजे या कोंडीतली पळवाट. थ्रॉटल बंद झाला की इंजिनाच्या बाजूला व्हॅक्यूम तयार होतो, तो व्हॉल्व्हला उघडतो आणि हवा सुटते.

कंपनीच्या बहुतेक गाड्यांत ही हवा नळीनं परत टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडतात. आवाज जवळपास नाहीच. बाजारात मिळणारा व्हॉल्व्ह तीच हवा थेट बाहेर फेकतो, म्हणून ‘प्स्स्श’. यानं ताकद वाढत नाही, हे इथंच सांगून टाकतो. उलट ज्या गाडीत एअर-फ्लो सेन्सर असतो, तिच्या ईसीयूनं ती हवा आधीच मोजलेली असते. तेवढ्या हवेचं पेट्रोल तो सोडतो, पण हवा तर रस्त्यावर गेली! मिश्रण क्षणभर घट्ट होतं, इंजिन अडखळतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. हिशेबाच्या वहीत जमा झालेली नोट कुणीतरी गल्ल्यातून परस्पर काढून न्यावी, तसलाच प्रकार. डिझेलवाल्यांना तर याची गरजच नाही, कारण पेट्रोल इंजिनासारखा दर वेळी धाडकन बंद होणारा थ्रॉटल त्यांच्याकडे नसतो. तरीही आवाजासाठी बसवणारे आहेतच. (आणि हो, आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालणार नाहीत. ऐकून ठेवा.)

आता रॅली.

ऐंशीच्या दशकात ग्रुप बी नावाचा वर्ग होता. वजन कमी, टर्बो मोठा, ताकदीला जवळपास लगाम नाही. २ मे १९८६ ला कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइव्होनेनची लान्चिया डेल्टा एस-फोर रस्त्यावरून खाली गेली आणि पेटली. तो आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघंही गेले. त्या वर्षाअखेर ग्रुप बी बंद झाला आणि १९८७ पासून विक्रीच्या गाड्यांवर आधारलेला ग्रुप ए मुख्य झाला. अधिकृत इच्छा अशी की ताकद ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास राहावी.

पण ताकद मोजायची कशी? प्रत्येक गाडी जंगलातून डायनोवर थोडीच नेणार? मग एक सोपा उपाय काढला: टर्बोच्या तोंडाशी एक कडी बसवायची, तिचं भोक ठरावीक मापाचं. तिचं नाव रिस्ट्रिक्टर. सगळी हवा त्या भोकातूनच गेली पाहिजे. १९९५ च्या मोसमासाठी हे माप आणखी कमी करून ३४ मिलिमीटर केलं. आपल्या पाच रुपयांच्या नाण्याच्या साधारण दीडपट रुंद.

एवढ्याशा भोकाचा ३०० हॉर्सपॉवरशी काय संबंध, हे मला खटकत होतं, म्हणून कागदावर हिशेब केला. मोठा टर्बो लावा, कितीही ओढा, भोकातली हवा ध्वनीच्या वेगापर्यंत पोचली की संपलं. कारण ‘अजून हवा पाठव’ हा निरोपसुद्धा हवेतून दाबाच्या लाटेनं, म्हणजे ध्वनीच्याच वेगानं जातो. प्रवाह त्याच वेगानं समोरून येत असेल तर निरोप भोकाच्या पलीकडे पोचतच नाही. ३४ मिमीच्या भोकातून अशा वेळी सेकंदाला साधारण ०.२२ किलो हवा जाते. पाण्याचे वीस लिटरचे नऊ जार डोळ्यांसमोर आणा, तेवढी हवा, दर सेकंदाला. बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं तर सेकंदाला १८ ग्रॅम पेट्रोल. त्यातल्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी भाग इंजिनाच्या हाती लागतो असं धरा. उत्तर येतं ३०० हॉर्सपॉवरच्या जरासं वर. नियम लिहिणाऱ्यानं फार कमी शब्दांत फार मोठं काम केलं होतं, हे मान्य करावं लागेल.

मग संघांनी काय केलं? कमाल ताकद वाढत नाही ना, मग निदान ती लवकर मिळू दे. खालच्या आरपीएमला जबरदस्त टॉर्क आणि अँटी-लॅग. ड्रायव्हरनं पाय उचलला तरी थोडी हवा-पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पोचवून तिथंच जाळायचं, म्हणजे टर्बो फिरता राहतो. त्या जुन्या व्हिडिओंमध्ये वळणावर येणारे फटाके ऐकलेत ना? ते हेच. एवढ्या मेहनतीनं ३४ मिमीतून ओढून आणलेली हवा नुसती बाहेर सोडून देणं रॅलीच्या इंजिनिअरला परवडणारं नव्हतं. ज्या ‘प्स्स्श’वर आपण भाळतो, तो त्यांच्या लेखी गळका नळ.

टोयोटाचा रॅली संघ, टोयोटा टीम युरोप, जर्मनीत कलोनला होता. प्रमुख होते स्वीडनचे ओव्हे अँडरसन. संघ मोठा, नावाजलेला. सेलिकाच्या जोरावर कार्लोस साइन्झनं १९९० आणि ९२ ला, युहा कांकुनेननं ९३ ला आणि दिदिये ओरिओलनं ९४ ला जागतिक विजेतेपद घेतलं होतं. १९९५ ला नवी सेलिका आली, एसटी-२०५. नियमाप्रमाणे २,५०० गाड्या लोकांना विकायच्या होत्या, तर त्या गाड्यांत अँटी-लॅगचं प्लंबिंगसुद्धा कंपनीतूनच घालून दिलेलं होतं! पण रॅलीत मात्र ही गाडी आधीच्या सेलिकेइतकी चालेना. सुबारूची इम्प्रेझा आणि मित्सुबिशीची लान्सर अंगानं लहान, हलक्या. मे महिन्यात ओरिओलनं कोर्सिका जिंकली. बाकी झगडणं चालू होतं.

ऑक्टोबर १९९५, स्पेनमधली कॅटालुन्या रॅली. कांकुनेन विजेतेपदाच्या शर्यतीत होता, पण अपघात होऊन बाहेर पडला. तपासणी अधिकाऱ्यांनी टोयोटाचा टर्बो उघडून बघितला आणि त्यांना जे सापडलं, त्याचं वर्णन करताना एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांच्या बोलण्यात रागाबरोबर कौतुकही होतं. मोटरस्पोर्टमधल्या इतक्या वर्षांत इतकं चतुर आणि इतकं सुबक बनवलेलं काही आपण पाहिलं नाही, असं ते म्हणाले.

काय होतं ते? नियम असा की रिस्ट्रिक्टर कॉम्प्रेसरच्या पात्यांपासून ५० मिमीच्या आत हवा आणि बाजूनं हवा जायला वाट नको. टोयोटाची कडी बघायला तशीच. भोक मोजा, ३४. हलवून बघा, घट्ट. पण आतून ती स्प्रिंगसारख्या वॉशरांवर बसवली होती. एअर इंटेकचा रबरी पाइप चढवून त्यावरची क्लिप खास हत्यारानं आवळली की त्या ताणानं कडी पुढे सरकायची आणि सुमारे ५ मिमीची फट उघडायची. त्या फटीतून हवा कडीला वळसा घालून आत. आणि तपासायचं तर आधी पाइप काढावाच लागतो. क्लिप सैल केली की स्प्रिंग कडीला परत जागेवर ढकलायचे. फट बंद. फट कुठे होती याची खूणसुद्धा नाही. तेव्हा सांगितलेला अंदाज असा होता की यानं २५ टक्क्यांपर्यंत जास्त हवा आणि ५० हॉर्सपॉवरच्या आसपास जादा ताकद मिळत असावी.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून मला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? तपासणी करण्याची कृतीच पुरावा मिटवत होती. टेस्ट चालू आहे हे ओळखून वागणं बदलणारा कोड म्हटलं की आपल्याला २०१५ चं फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण आठवतं. टोयोटाच्या माणसांनी तेच वीस वर्षं आधी केलं होतं. तेही एकही ओळ कोड न लिहिता, वॉशर आणि होज क्लिप वापरून. त्यात इफ-एल्स होतं, फक्त ते पोलादाचं होतं. आणि ही अनवधानानं राहिलेली चूक नव्हती, हे इथंच स्पष्ट होतं. इतकी घासूनपुसून बसवलेली वस्तू चुकून बनत नाही. कुणीतरी ड्रॉइंग काढलं असणार, कुणीतरी ते खास हत्यार बनवलं असणार, सर्व्हिसमध्ये कुणीतरी ती क्लिप आवळायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एफआयएच्या जागतिक परिषदेनं निकाल दिला. टोयोटाचे १९९५ चे सगळे गुण रद्द आणि बारा महिन्यांची बंदी. संघाचेच नाही, ड्रायव्हरांचेही गुण गेले. कांकुनेन, ओरिओल, आर्मिन श्वार्त्झ, सगळ्यांचे. ड्रायव्हरांना हे ठाऊक होतं, असा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला नव्हता. मला हा भाग अजून पचत नाही. एका बाजूनं बरोबर आहे, कारण ती जादा हवा त्यांच्याच गाडीत जळत होती. पण कांकुनेन चार वेळा जगज्जेता झालेला माणूस, ऐन विजेतेपदाच्या तोंडाशी, आणि त्याचं अख्खं वर्ष नोंदीतून पुसलं गेलं.

उरलेल्यांचंही काही साधं झालं नाही. कॅटालुन्यात सुबारूनं कॉलिन मॅक्रेला आदेश दिला होता की मागे राहा आणि साइन्झला जिंकू दे. मॅक्रे भडकला, पण शेवटी ऐकलं. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या रॅलीला, ब्रिटनच्या आरएसी रॅलीला येताना दोघांचे गुण सारखे झाले, ७० आणि ७०. मॅक्रे जिंकला, साइन्झ दुसरा. २७ व्या वर्षी मॅक्रे जगज्जेता, तोवरचा सगळ्यात तरुण. १९९८ ला प्लेस्टेशनवर ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ आला आणि निळी इम्प्रेझा जगभर पोरांच्या पडद्यावर पोचली.

१९९६ ला टोयोटा नसताना फक्त सुबारू, मित्सुबिशी आणि फोर्ड असे तीन निर्माते उरले. मित्सुबिशीच्या टॉमी मॅकिनेननं त्या वर्षीपासून सलग चार विजेतेपदं घेतली. टोयोटा बंदीपेक्षा जास्त काळ बाहेर राहिली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडला ती कोरोला घेऊन परतली, १९९९ ला निर्मात्यांचं विजेतेपद घेतलं आणि फॉर्म्युला वनकडे निघून गेली. तिथंही संघाच्या प्रमुखपदी ओव्हे अँडरसनच होते.

रॅलीत ती पुन्हा आली थेट २०१७ ला, छोटी यारिस घेऊन. जानेवारीत माँटे कार्लोला दुसरी आणि फेब्रुवारीत स्वीडनला पहिली. संघ चालवत होता तोच टॉमी मॅकिनेन. त्या वर्षी नियमही बदलले होते आणि गाड्यांची ताकद ३८० हॉर्सपॉवरच्या घरात गेली होती. त्यासाठी रिस्ट्रिक्टरचं भोक वाढवून ३६ मिलिमीटर केलं होतं.