मायक्रोआरएनए-आधारित अस्थिउपचार

मायक्रोआरएनए-आधारित अस्थिउपचार ही अस्थिसुषिरता आणि हाडांत पसरलेला कर्करोग या दोन विकारांसाठी अभ्यासली जाणारी प्रायोगिक उपचारपद्धती आहे. ('सुषिर' म्हणजे पोकळ, छिद्रयुक्त, बासरीला सुषिरवाद्य म्हणतात ते याच अर्थाने.)

पार्श्वभूमी
हाड ही जिवंत ऊती आहे. ऑस्टिओक्लास्ट या अस्थिभक्षी पेशी जुने हाड झिजवतात आणि ऑस्टिओब्लास्ट या अस्थिजनक पेशी नवे घडवतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की झीज भरपाईपेक्षा वाढते. स्तनाचा कर्करोग हाडात शिरल्यास त्याच्या पेशी अस्थिभक्षी पेशींना चेतवतात आणि झिजणाऱ्या हाडातून सुटणारे वाढघटक उलट कर्करोगालाच पोसतात. झोलेड्रॉनिक आम्ल व डेनोसुमॅब ही प्रचलित औषधे दोन्ही विकारांत दिली जातात, ती झीज रोखण्यासाठीच.

कार्यपद्धती
मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा तुकडा. तो संदेशवाहक आरएनएला चिकटून विशिष्ट प्रथिनांची निर्मिती दडपतो. त्याचा शोध १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत लागला. त्यासाठी व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुवकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

'नेचर' नियतकालिकातील २०१४ च्या एका शोधनिबंधानुसार एमआयआर-३४ए हा रेणू टीजीआयएफ२ या प्रथिनाला आवरून अस्थिभक्षी पेशींची निर्मिती रोखतो. अतिसूक्ष्म कणांतून तो दिल्यावर अंडाशय काढलेल्या उंदरांतील हाडांची झीज घटली आणि कर्करोगाचा हाडांतील प्रसारही कमी झाला. याउलट एमआयआर-२१४ हा हाडाची घडण रोखतो, म्हणून तेथे त्यालाच निष्प्रभ करावे लागते.

मर्यादा
एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर परिणाम करतो. हेच त्याचे बळ आणि हाच धोका. एमआयआर-३४ए वर आधारित एमआरएक्स-३४ या औषधाची कर्करुग्णांवरील चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांत चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये ती थांबवण्यात आली. उंदरांतील यशाकडे त्यामुळे सावधपणे पाहणे भाग आहे. औषध नेमके हाडापर्यंत पोहोचवणे हा प्रश्नही उरतोच. प्रचलित औषधांना हा उपचार तूर्त पर्याय नाही.

महाराष्ट्रातील संशोधन
पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी व सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-३ अस्थिभक्षी पेशींची घडण रोखते, असे २००३ मध्ये दाखवले. हे काम मायक्रोआरएनएचे नसले, तरी लक्ष्य त्याच पेशींचे आहे. रायगड जिल्ह्यात खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगातील मायक्रोआरएनएंचा अभ्यास झाला आहे.